शंभर मीटरच्या पलीकडे बरंच मैदान आहे

‘माझी मुलगी बारा वर्षांची आहे. गेली दोन वर्षं शंभर मीटरमध्ये तिचा पहिला नंबर ठरलेला असायचा. यंदा मात्र ती सारखी तिसरी-चौथी येते आहे आणि घरी आली की दार लावून रडते. तिचे सर म्हणतात, बाकीचं सोड आणि फक्त शंभरवर लक्ष दे. तिला लांब उडी आवडते, पण त्यात वेळ जातो असं सरांचं म्हणणं. आमच्या घरात कुणीच खेळाडू नाही. मैदानावर गेले की एकाच वेळी चार ठिकाणी काहीतरी चाललेलं असतं आणि मला कशाचाच पत्ता लागत नाही. मी तिला काय सांगू? आणि ती स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, मागते आहे, ते घेऊ का?’

– एक आई

ताई,

उत्तर आधीच देऊन टाकते: तिला लांब उडी मारू द्या. शिवाय अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, रिले, जमलं तर गोळाफेकही करून बघू द्या. बाराव्या वर्षी एकाच शर्यतीला बांधून घालावं इतकं कुठलंच मूल तयार झालेलं नसतं. सरांना तिच्या पायांतला वेग दिसतो आहे आणि तो वाया जाऊ नये असं त्यांना वाटतं, हे मी समजू शकते. पण लांब उडीत गेलेला वेळ वाया जात नाही. उडीतलं अंतर मुख्यतः धावत येतानाच्या वेगातूनच मिळतं, त्यामुळे उडीचा सराव हा बराचसा वेगाचाच सराव असतो. अमेरिकेच्या कार्ल लुईसने १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर, ४ बाय १०० रिले आणि लांब उडी अशी चार सुवर्णपदकं घेतली, आणि लांब उडीचं सुवर्ण त्यानंतर सलग तीन ऑलिंपिकमध्ये राखलं.

आता ती मागे का पडते आहे ते बघू. सगळ्यात आधी तिच्या वेळा मागून घ्या. नंबर राहू द्या, सेकंद विचारा. गेल्या वर्षी पहिली आली तेव्हा किती लागले होते आणि यंदा चौथी आली तेव्हा किती लागले? पुष्कळदा असं निघतं की मुलगी गेल्या वर्षीपेक्षा जोरातच पळते आहे, फक्त शेजारच्या लेनमधल्या मुली तिच्याहून जास्त सुधारल्या आहेत. तिला हे आकड्यांत दाखवलंत तर तिचं अर्धं रडू तिथेच थांबेल.

वेळांची तुलना करताना मात्र एक पथ्य पाळा. स्टॉपवॉचवर हाताने घेतलेली वेळ आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतलेली वेळ शेजारी-शेजारी मांडायची नाही. सुरुवातीच्या बंदुकीचा बार उडालेला दिसला की माणूस बटण दाबतो, त्यात थोडा उशीर होतोच. त्यामुळे हातातलं घड्याळ शंभर मीटरला जवळजवळ पाव सेकंद कमी दाखवतं. तुलना करायचीच असेल तर हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवायचा प्रघात आहे. या वयाच्या मुली पाव सेकंदात दीड मीटरहून जास्त अंतर कापतात आणि तेवढ्यात तीन नंबर इकडचे तिकडे होतात. वाऱ्याचंही तेच. मागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वेगाने वारा वाहत असेल तर त्या शर्यतीतली वेळ विक्रमासाठी धरतच नाहीत, इतका त्याचा फरक पडतो. गेल्या वर्षीची तिची चांगली वेळ हाताने घेतलेली, वारा पाठीवर असतानाची आणि यंदाची यंत्राने घेतलेली असेल, तर ती मागे पडली असं कुणी कशाच्या जोरावर म्हणायचं?

वेळा खरोखरच वाढल्या असतील तरी घाबरून जाऊ नका. बारा हे वय मुलींच्या बाबतीत फार फसवं असतं. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती साधारण अकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी; पण प्रत्येकीचं घड्याळ वेगळं. जी दहाव्या वर्षीच वाढायला लागली ती बरोबरीच्या मुलींपेक्षा लांब टांगांची आणि जास्त ताकदीची असते. ती जिंकते आणि सगळ्यांना वाटतं, हिच्यात काहीतरी खास आहे. मग बाराव्या-तेराव्या वर्षी बाकीच्या मुली तिला गाठतात. कदाचित तुमच्या लेकीचं हेच झालं असेल. किंवा बरोबर उलटं: उंची आत्ता वाढते आहे, पाय लांब झाले आहेत पण त्यांना सांभाळणारी ताकद अजून मागे आहे. अशा दिवसांत मूल धावताना अवघडल्यासारखं दिसतं, पावलांची लय चुकते, आधी सहज जमणारी गोष्ट जमेनाशी होते. गेल्या सहा महिन्यांत तिचे कपडे आखूड झाले आहेत का ते आठवून बघा. काही महिन्यांत शरीर नव्या मापाला सरावतं. तेवढा काळ घरातल्या मोठ्यांनी धीर धरायचा.

याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागच्या बाजूला दुखायला लागतं. वाढत्या हाडाला जिथे स्नायूची दोरी जोडलेली असते तिथे उड्या आणि धावण्याचा ताण येतो. आठवडाभर विश्रांती घेऊनही दुखत असेल किंवा ती लंगडत असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. ‘पळता-पळता मोकळं होईल’ असं मैदानावर कुणीही म्हटलं तरी ऐकू नका. आणि एक गोष्ट आईनेच बघायची: पाळी सुरू झाल्यावर पुढे कधी ती सलग तीन महिने आली नाही, तर जोरात सराव चालला आहे म्हणून तसं होत असेल अशी समजूत करून घेऊ नका. खर्च होते तेवढी शक्ती पोटात जात नाही याची ती खूण असू शकते. हाडं कमकुवत होऊ लागतात ती अशाच वेळी. सरावाचं म्हणाल तर आठवड्याला जितके तास, ते वयाच्या आकड्याच्या पुढे जाऊ नयेत आणि आठवड्यात निदान एक पूर्ण दिवस सुट्टी असावी, हा क्रीडावैद्यकातला साधा नियम तिला लावा.

लवकर एकच स्पर्धा धरली तर पुढे जाता येतं, असं सर म्हणतील आणि त्याला उदाहरणंही आहेत. पोल व्हॉल्टचा, म्हणजे लांब खांबाच्या आधाराने मारायच्या उंच उडीचा, विक्रम पुन्हापुन्हा मोडणारा मोंडो डुप्लांटिस अगदी लहानपणी घरामागच्या अंगणात खांब घेऊन उड्या मारायचा. पण त्याचे वडील स्वतः पोल व्हॉल्टचे खेळाडू होते आणि आई हेप्टॅथलॉनची, म्हणजे सात स्पर्धा मिळून होणाऱ्या खेळाची. असं अंगण कितींच्या वाट्याला येतं? दुसऱ्या बाजूची उदाहरणं मला जास्त बोलकी वाटतात. उसेन बोल्ट शाळेत क्रिकेट खेळायचा. पुढे २००२ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो ज्युनिअर जगज्जेता झाला ते २०० मीटरमध्ये. १०० मीटरकडे तो गंभीरपणे वळला २००७ मध्ये आणि २००९ मध्ये बर्लिनला त्याने ९.५८ सेकंदांचा विक्रम केला. व्हेनेझुएलाची युलिमार रोहास आधी उंच उडी मारायची, मग तिहेरी उडीकडे आली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये १५.६७ मीटरची उडी घेऊन तिने जागतिक विक्रम केला. उंच उडीतच तिला अडकवून ठेवलं असतं तर ही उडी कुणी पाहिलीच नसती.

आता मैदानाकडे वळू, कारण तिथे काय चाललंय हे कळलं की तुम्हालाही तिथे बसावंसं वाटेल.

ट्रॅकची एक फेरी ४०० मीटरची असते, पण ती सर्वांत आतल्या लेनमध्ये मोजलेली. बाहेरच्या लेनचं वळण मोठं, म्हणून एका फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनमधली मुलगी पहिलीपेक्षा ७.०४ मीटर पुढे उभी करतात आणि तिसरी तिच्याही पुढे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, बाहेरचीला आयती आघाडी दिली. खरं काय ते शेवटच्या सरळ पट्ट्यात सगळ्या एका रांगेत आल्या की दिसतं. १०० मीटर सरळ पट्ट्यावर होते, २०० आणि ४०० आपापल्या लेनमध्ये, ८०० मध्ये पहिलं वळण संपेपर्यंत लेन आणि पुढे सगळ्या आत येतात. म्हणून तिथे धक्काबुक्की आणि डावपेच दोन्ही दिसतात. १५०० च्या पुढे लेनचा प्रश्नच नाही.

शंभर मीटर बघताना पहिली कोण निघाली हे बघू नका. शेवटच्या तीस मीटरवर डोळा ठेवा. तिथे कुणीही वेग वाढवत नसतं, अगदी ऑलिंपिकमध्येही नाही. सगळ्यांचा वेग हळूहळू उतरत असतो आणि ज्याचा सगळ्यात कमी उतरतो तो पुढे सरकताना दिसतो. म्हणून तिथे खांदे आवळून, दात-ओठ खाऊन पळणारी मुलगी मागे पडते. तुमची लेक शेवटी चेहरा आवळते का, ते बघा. हार मनाला लावून घेणारी मुलं हटकून तसं करतात आणि ‘आणखी जोर लाव’ असं ओरडल्याने त्यांचं आणखी बिघडतं.

अडथळ्यांच्या शर्यतीला उडी समजू नका. महिलांच्या १०० मीटर हर्डल्समध्ये दहा अडथळे असतात, दोन अडथळ्यांमध्ये ८.५ मीटर आणि त्यात बरोबर तीन पावलं. मुलींच्या लहान वयोगटांत उंची आणि अंतर दोन्ही कमी करतात, पण लय तीच. वेग असलेल्या, जरा उंच होत चाललेल्या मुलीने हे एकदा तरी करून बघावंच. मला विचाराल तर तुमच्या लेकीसाठी मी लांब उडीच्या बरोबरीने यावर पैज लावेन.

लांब उडीत जिथून उडी घेतात त्या फळीच्या पुढच्या रेषेपासून वाळूतल्या सगळ्यात मागच्या खुणेपर्यंत अंतर मोजतात. पाय कितीही पुढे पडले आणि हात मागे टेकला, तर मोजणार हातापासून. फळी २० सेंटीमीटर रुंद असते. तिच्या मागून उडी मारली तरी चालते, पण तेवढं अंतर फुकट जातं, आणि पाऊल रेषेच्या पुढे पडलं तर लाल झेंडा. लहान मुलींची निम्मी लढाई या फळीशीच असते. म्हणून त्या धावपट्टीच्या कडेला चिकटपट्टीची किंवा खडूची खूण करतात आणि तिथूनच धाव सुरू करतात. तुमच्या लेकीची खूण कुठे आहे ते तिला विचारा. ती मोठ्या उत्साहाने सांगेल. उडी झाली की वाळूतून पुढच्या बाजूने बाहेर पडायचं, हेही तिला आठवणीने सांगा. मागे वळून फळीकडे चालत आलेल्या मुलींच्या चांगल्या उड्या त्यापायी बाद झालेल्या मी पाहिल्या आहेत.

उंच उडीत एकच नियम लक्षात ठेवा: लागोपाठ तीनदा चुकलं की बाहेर. मधली एखादी उंची सोडून द्यायची मुभा असते, त्यामुळे कोण कुठे दम राखून बसलंय हे बघण्यात मजा आहे. पाठ खाली करून जी उडी आज सगळे मारतात ती डिक फॉस्बरीने १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जगाला दाखवली आणि २.२४ मीटरला सुवर्ण घेतलं. टोकियोत तर कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जियानमार्को ताम्बेरी दोघांनीही २.३७ पर्यंत एकही चूक केली नाही, २.३९ दोघांनाही जमली नाही, आणि त्यांनी सुवर्ण वाटून घेतलं. ही गोष्ट लेकीला जरूर सांगा.

फेकीच्या स्पर्धा थोडक्यात सांगते. गोळा, थाळी, हातोडा वर्तुळातून आणि भाला धावत येऊन फेकतात. मोठ्या महिलांचा गोळा ४ किलोचा आणि पुरुषांचा ७.२६ किलोचा, मुलींसाठी हलके असतात. नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्ण घेतलं हे तुम्हाला ठाऊक असेल. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेक केली होती, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. भाले मैदानाच्या पार जाऊ लागले म्हणून १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा तोल पुढे सरकवला, आणि तेव्हापासून तो लवकर नाक खाली करतो. तुमच्यासाठी मोलाची सूचना एवढीच: फेकीच्या पट्ट्यात कधीही पाऊल टाकू नका, जवळची वाट म्हणूनसुद्धा नाही.

आणि रिले. तिला रिलेत घालायचा आग्रह धराच. ४ बाय १०० मध्ये बॅटन, म्हणजे हातातली छोटी नळी, ३० मीटरच्या पट्ट्यातच एका हातातून दुसऱ्या हातात जावं लागतं. इथे धावणाऱ्यांचे पाय कुठे आहेत ते बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात. घेणारी मुलगी ट्रॅकवर एक खूण करून ठेवते. देणारी त्या खुणेवर आली की घेणारी मागे न बघता जीव खाऊन पळत सुटते, आणि हाक ऐकू आली की हात मागे करते. न बघता मागे केलेल्या त्या हातात बॅटन येणारच, हा भरवसा कित्येक संध्याकाळी एकत्र घालवून तयार होतो. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जपानच्या चौघांनी रौप्य घेतलं, तेव्हा त्यांच्यापैकी एकानेही शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावलेले नव्हते. एकटीने हरून दमलेल्या मुलीला रिलेची फार मदत होते. तिथे तिची वाट बघत कुणीतरी उभी असते.

सगळ्यातलं थोडं-थोडं आवडणाऱ्या मुलींसाठी हेप्टॅथलॉन आहे: दोन दिवसांत सात स्पर्धा, १०० मीटर हर्डल्सपासून ८०० मीटरपर्यंत, मध्ये उड्या, गोळा आणि भाला. अमेरिकेच्या जॅकी जॉयनर-कर्सीने १९८८च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये ७२९१ गुणांचा विक्रम केला आणि त्याच ऑलिंपिकमध्ये लांब उडीचंही सुवर्ण घेतलं. मुलींना हे सगळं सुखासुखी मिळालेलं नाही हेही जाता-जाता सांगते. ऑलिंपिकच्या अॅथलेटिक्समध्ये त्यांना प्रवेश मिळाला १९२८ मध्ये, तोही पाच स्पर्धांपुरता. त्यातली ८०० मीटरची शर्यत बायकांना झेपत नाही म्हणून काढून टाकली आणि ती परत आली १९६० मध्ये. तिहेरी उडी १९९६ मध्ये, पोल व्हॉल्ट आणि हातोडाफेक २००० मध्ये, ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, २००८ मध्ये. आज तुमच्या लेकीपुढे हे सगळे पर्याय खुले आहेत. त्यांतला एकच ठेवून बाकीचे बाराव्या वर्षी आपणच बंद करावेत, हे माझ्या मनाला पटत नाही.

सरांशी बोलताना वाद घालू नका. त्यांना म्हणा, हा हंगाम संपेपर्यंत आठवड्यातले दोन दिवस तिला उडी आणि हर्डल्स करू द्या, मग वेळा घेऊन बघू. बहुतेक प्रशिक्षक एवढं ऐकतात. सर मुळीच तयार झाले नाहीत, तर तिथे जो लांब उडी शिकवतो त्याच्याशी बोला.

शर्यतीनंतर लगेच ‘कितवी आलीस?’ विचारू नका. नंबर तुम्हाला दिसलेलाच असतो. पाणी द्या, थोडं चालू द्या. मग विचारा, सुरुवात कशी झाली, फळीवर पाय आला का. कधी फॉल्स स्टार्ट होऊन, म्हणजे बार उडण्याआधीच निघाल्यामुळे, ती बाद झाली तर सांगा की २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या दैगूच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम फेरीत खुद्द बोल्ट असाच बाद झाला होता, आणि काही दिवसांनी त्याच मैदानावर २०० मीटर जिंकला. तिला रडू आलं तर रडू द्या. दार लावून बसली तर बाहेर थांबा, पण आत जाऊन पुढच्या वेळी जिंकशील असं वचन देऊ नका. ते तुमच्या हातात नाही.

राहिले स्पाइक्स. सिंथेटिक ट्रॅकवर स्पर्धा असतील तर घ्या, पण एकाच स्पर्धेचे खास नकोत. धावणे, उडी आणि हर्डल्स तिन्हींना चालणारे साधे, लवचिक तळाचे बूट मिळतात. उंची वाढते आहे म्हणून एक माप मोठे घ्यायचा मोह होईल, तो टाळा. सैल स्पाइक्समध्ये पाय मुरगळतो. खिळे आखूड घाला, कारण बऱ्याच ट्रॅकवर लांब खिळ्यांना परवानगी नसते. वॉर्म-अप आणि रोजचा बहुतेक सराव साध्या बुटांतच होऊ द्या, नाहीतर पोटऱ्या आणि नडगी दुखायला लागते. आणि स्पर्धेच्या दिवशी ते पहिल्यांदा पायात चढवू नका. आधी दोन-तीन आठवडे थोड्या-थोड्या धावा त्यांत होऊ द्यात.